आमच्या परड्यातली इटली

परड्यात लिंबाची झाडं लगडलेली असताना बाजारातून लिंबं विकत आणणारं गावात आमचं एकच घर होतं. रहिमतपूरच्या आठवडी बाजारात आईनं लिंबाच्या वाट्याला हात घातला रे घातला की भाजीवाली विचारायची, "का वो नाईकीणबाय, इटलीत दुष्काळ पडला जनू?" शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आई लिंबं पिशवीत टाकायची आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहायची. बाजार संपेपर्यंत माझी मान वर होत नसे.

घरच्या लिंबाला हात लावायचा नाही, हा आबांचा हुकूम होता. आबा म्हणजे माझे वडील. पिकून आपोआप गळालेलं लिंबूसुद्धा आम्ही उचलायचं नाही. ते आबा स्वतः उचलत, खुरप्यानं माती उकरत आणि त्याच झाडाच्या बुडाशी पुरून टाकत. एकदा घरी मटणाचा बेत होता, पाहुण्यांची ताटं वाढून झाली होती, आणि लिंबू आणायचं राहिलं होतं. आई परड्याच्या दारात येऊन म्हणाली, "आवं, एक तरी तोडू द्या. मानसं खोळंबल्यात." आबा झाडाला पाणी घालत होते. वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "चिंच कालव." पाहुण्यांनी मटणावर चिंचेचं पाणी घेतलं आणि ती हकीकत पुढं दोन तालुक्यांत पोचवली.

आबा पलटणीत नाईक होते. महायुद्धात इटलीला गेले आणि धडधाकट परत आले. आई मात्र म्हणायची, "गेलं तेवडं समदं माघारी न्हाई आलं. थोडं तितंच ऱ्हायलं." तिकडे लढाईत त्यांची तुकडी काही दिवस एका जुन्या वाड्याच्या बागेत विसाव्याला होती. वाडा चारशे वर्षांपूर्वी कुण्या बड्या सावकारानं हौसेनं बांधलेला. डोंगराच्या उतारावर तीन टप्प्यांची बाग, कातरून सरळ केलेली झुडपं, दगडी सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणी, दगडी बाया, आणि मोठमोठ्या मातीच्या भांड्यांत ओळीनं लावलेली लिंबाची झाडं. पेन्शनीत आल्यावर आबांनी घरामागच्या उताराच्या रानात, जिथं विहिरीचं पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथं, हुबेहूब तशीच बाग करायला घेतली. चुलत्यांनी त्याच वर्षी शेजारच्या रानात ऊस लावला. त्यांचा ऊस वाढत गेला आणि आमची मेंदी कातरून कातरून गुडघ्याएवढीच राहिली.

लिंबासाठी आबांना रांजण हवे होते, आणि त्या रांजणांना बुडाशी भोक हवं होतं. कुंभारानं साफ नकार दिला. "भोकाचा रांजण माझ्या भट्टीतनं गेला तर उद्या मला कोन गाडगं इचारंल का?" शेवटी त्यानं चांगले रांजण करून दिले आणि आबांनी ते घरी आणून, त्याच्या देखत नको म्हणून, कुदळीच्या टोकानं फोडले. दोन पार दुभंगले. मेंदी कातरायला धनगराकडून मेंढरं कातरायची कातर आणली. पाथरवटाकडून सिंहाचं तोंड घडवून घेतलं. पण त्या बिचाऱ्यानं सिंह कधी पाहिलेला नव्हता. त्यानं आपल्या घरातला बोका डोळ्यांपुढे ठेवला असावा. तोंडातून पाणी येणारा तो दगड बघून गावातल्या बायका एके दिवशी त्याला शेंदूर फासून, नारळ फोडून गेल्या. त्यानंतर दर अमावस्येला कोणी ना कोणी येऊन शेंदूर फासायचं आणि दुसऱ्या दिवशी आबा काथ्यानं सिंहाचं तोंड घासत बसायचे.

गावानं त्या जागेचं नाव 'इटली' ठेवलं. "नाईक हायती का?" असं कुणी विचारलं की पोरं सांगायची, "इटलीत गेल्यात, येतील दुपारच्याला."

आबा तसे घुमे. घरात दोन दोन दिवस बोलायचे नाहीत. पण कुणी बाग बघायला आलं की त्यांचा कायापालट व्हायचा. ते टोपी काढायचे, कमरेत किंचित वाकायचे आणि म्हणायचे, "डावीकडनं चला. उजवीकडं आत्ता बगू नगा, ती बाजू मागनं." मग एकेक टप्पा. प्रत्येक रांजणापाशी थांबायचं, झाड वरपासून खालपर्यंत बघायचं, आबा "बेल्लो" म्हणायचे, म्हणजे तिकडच्या भाषेत झकास, आणि पाहुण्यानंही म्हटल्याशिवाय पुढच्या रांजणाकडे जायचं नाही. कुणी घाई केली की "थांबा, हितं थांबायचं असतंय." निघताना सगळ्यांना एकच सांगणं, "बगा, पर हात लावू नगा."

ज्या गोष्टी त्यांना करता आल्या नव्हत्या त्याही ते दाखवायचे, हे सगळ्यात वाईट. मधल्या टप्प्यावर एक मोकळी जागा होती. तिथं आबा आदबीनं थांबत. "हितं एक दगडी बाई हुबी हाय. अंगावर कापडं कमी हायती, पर वंगाळ न्हाई." पाहुणे त्या मोकळ्या जागेकडे बघत, मग एकमेकांकडे बघत, आणि बायामाणसं असली तर भराभर पुढं सरकत. आबा त्या नसलेल्या बाईला धक्का लागू नये म्हणून वळसा घालून जात. तुम्हीच सांगा, सोळा-सतरा वर्षांच्या मुलीनं हे बघून करायचं काय?

शाळेची सहलही आमच्या परड्यात आली होती. गुरुजींना वाटलं, भूगोल होईल आणि पोरांना लांब न्यायला नको. सगळा वर्ग ओळीनं डावीकडून निघाला. दुसऱ्या टप्प्यावर एका मुलीनं एक लिंबू तोडून परकराच्या ओच्यात लपवलं. आबांना ते कसं कळलं देव जाणे, झाडाकडे न बघताच कळलं. त्यांनी अख्ख्या वर्गाला दोन रांगांत उभं केलं. मला वाटलं आता झडती घेतील. झडती नाही, रागावणं नाही, त्यांनी फक्त ते उघडं पडलेलं देठ दोन बोटांत धरलं आणि कितीतरी वेळ बघत उभे राहिले. मग "परत फिर!" म्हणून पलटणीतली आरोळी ठोकली आणि सहल संपली. दुसऱ्या दिवसापासून वर्गात कुणी काही मागितलं की पोरी म्हणायच्या, "बगा, पर हात लावू नगा." मी आठवडाभर पोट दुखतंय सांगून घरी राहिले. आबा माझे वडील नसते तर बरं झालं असतं, असं त्या आठवड्यात मला खरोखर वाटलं होतं.

माझ्या लग्नाचं बघायला लागल्यावर तर ही इटली सगळ्यांच्याच मुळावर आली. एक स्थळ वेशीवरूनच परत गेलं. दुसऱ्यांनी निरोप धाडला, मुलगी चांगली आहे, पण वेड घराण्यात असतं. आईनं ते ऐकून आबांसमोर चुलीतलं जळतं लाकूड उचललं होतं, बाग पेटवते म्हणून. ओली मेंदी कुठली पेटतेय! नुसता धूर झाला आणि आई डोळे पुसत आत आली. त्या धुराचं पाणी होतं की दुसरं कसलं, हे तिला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मग कडेगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा कोयनानगरला धरणाच्या कामावर ओव्हरसियर होता. मुलाचे वडील सुभेदार म्हणून रिटायर झालेले, आणि गंमत अशी की इटलीच्या वेळी ते आबांच्याच तुकडीत साधे शिपाई होते. पलटणीच्या ओळखीतूनच हे जुळून आलं होतं. आई हरखून गेली. म्हणाली, "ह्ये मोडलं तर पोर घरात बसंल. आवं, तुमास्नी हात जोडते, पाव्हन्यांना परड्यात न्यायचं न्हाई." आबा लगेच म्हणाले, "न्हाई नेत." एवढ्या पटकन कबूल झाले की आईला शंका यायला हवी होती. तो सबंध आठवडा सुभेदारांचं नाव निघालं की ते उठून बाहेर जात.

पाहुणे आले त्या दिवशी आईनं परड्याच्या दारापुढं दोरी बांधली आणि घरातल्या होत्या-नव्हत्या त्या गोधड्या वाळत घातल्या. इटली पार झाकून गेली. सुभेदार, त्यांच्या मंडळी, मुलाचा मामा, सगळे पुढच्या सोप्यात बसले. पोहे झाले, चहा झाला. मला स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं विचारून झालं. सुभेदार दिलखुलास माणूस, मोठ्यानं बोलणारा, मोठ्यानं हसणारा. आईचा जीव भांड्यात पडत चालला होता. तेवढ्यात सुभेदार हात धुवायला उठले आणि कुणी काही म्हणायच्या आत मागच्या दारानं बाहेर पडून त्यांनी गोधडी बाजूला सारली.

"आयला! नाईक! ही तर ती बाग!"

सगळे मागोमाग धावले. सुभेदार उजवीकडून शिरले होते. मागून आबा हळूच म्हणाले, "सुभेदार, डावीकडनं..." पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. "सिंव्ह! आन ही मेंदी! आन हे बगा, लिंबाची झाडं बी!" असं म्हणत त्यांनी पहिल्याच रांजणातलं एक पिवळं धमक लिंबू कट्‌दिशी तोडलं आणि नाकाशी धरलं. गोधडीआड मी डोळे मिटून घेतले. आता "परत फिर" होणार आणि पाहुणे खरोखर परत फिरणार.

पण आरोळी आलीच नाही. सुभेदार आईकडे वळले. "वैनी, नाईकांनी तुमास्नी लोनच्याची गोस्ट सांगितली का न्हाई?"

"कसलं वो लोनचं?"

"सांगितली न्हाई? ऐका मग! डबाबंद खाऊन खाऊन आमची जीभ मेली हुती. आन ह्या बागंत बगंल तिकडं लिंबं. एक म्हातारा माळी हुता तितला. रोज सकाळी यायचा, टोपी काढायचा, वाकायचा, आन आमास्नी पाव्हन्यावानी बाग दावायचा. त्येची भाषा त्येला ठावं. आमी आपली मुंडी हलवायचो. एक दिस म्हातारा गावात गेला, आन नाईकांनी हुकूम सोडला, तोडा रं लिंबं, लोनचं घालू! मग काय, समदी झाडं साफ! एक लिंबू ठेवलं न्हाई गड्यांनी. तळघरात तेलाची ही मोठी बरणी गावली. पलटनीच्या लंगरातनं तिखट आनलं, मीठ आनलं, भरली तोंडापतुर. आन तिसऱ्या दिशी म्होरं सरकायचा हुकूम! आता लोनचं मुराय नको? बरणी तितंच! एक फोड कुनाच्या जिभेला लागली न्हाई!"

सांगता सांगता सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतके ते हसत होते. त्यांच्या मंडळी हसल्या, मामा हसला, पाहुणे हसतात म्हणून आईही हसली. गोधडीआड मलासुद्धा हसू फुटलं. मग मी आबांकडे बघितलं. बाजारात माझी मान जशी जायची तशी त्यांची मान खाली गेली होती.

"मधला दीस ऱ्हायला, सुभेदार," आबा म्हणाले.

"कंचा मधला?"

"म्हातारा माघारी आला तो. तुमी पहाऱ्यावर हुता."

सुभेदारांचं हसू अर्ध्यावर थांबलं. आबांनी वर न बघताच सांगितलं, "सकाळी आला. टोपी काढली. झाडं बगितली. मला वाटलं आता वरडंल. सायबाकडं जाईल. न्हाई गेला. रोजच्यासारकाच मला घिऊन डावीकडनं निघाला. दर झाडाजवळ थांबला. रोज सांगायचा तेच सांगितलं, रोज म्हनायचा तसंच बेल्लो म्हनाला. झाडाला नुसती पानं. समदी झाडं दावली मला त्येनं. एक बी गाळलं न्हाई."

आबांनी आता मान वर केली आणि सरळ सुभेदारांच्या मंडळींकडे बघून ते म्हणाले, "सोयरीक करताना घरातलं उणं आदी सांगावं लागतंय. आमच्यातलं उणं ह्ये हाय. पाव्हना म्हनून ऱ्हायलो आन यजमानाचं झाड वरबाडलं. पयलं लिंबू मीच तोडलं. त्येची लाज मला आजून वाटती. आता पोरगी करायची का न्हाई, तुमी ठरवा."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. असं उणं आजवर कुठल्या बापानं सोयऱ्यांना सांगितलं असेल? कुणी विचारलं होतं का? धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. जमून आलेलं स्थळ आबांनी लढाईतल्या लिंबांपायी स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं.

सुभेदार हातातल्या लिंबाकडे बघत होते. ते त्यांनी कोटाच्या खिशात घातलं, मग बाहेर काढलं, रांजणाच्या काठावर ठेवून पाहिलं, ते घरंगळलं तसं पुन्हा उचललं. एवढा अधिकारी माणूस, पण त्या लिंबाचं काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी ते आपल्या मंडळींच्या हातात देऊन त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"मी उजवीकडनं आलो, नाईक. चुकलं," ते म्हणाले. "डावीकडनं दावा."

मग ते दोघेच निघाले. एक नाईक, एक सुभेदार, दोघंही अनवाणी. आबा प्रत्येक रांजणापाशी थांबत होते आणि सुभेदार, ज्यांच्या आवाजानं मघाशी आमची कौलं हलली होती, ते एखाद्या रंगरुटासारखे ताठ उभे राहून झाड बघत होते. मधल्या टप्प्यावर मात्र त्यांचा आवाज पुन्हा ऐकू आला, "बाई हितंच हुती, व्हय की!" आणि त्यांनीही वळसा घातला. मुलाच्या मामानं माझ्या आईकडे बघितलं. आईनं दुसरीकडे बघितलं.

निघताना सुभेदार आबांशी बोलले नाहीत. बैलगाडीत एक पाय ठेवून आईला एवढंच म्हणाले, "वैनी, पोरगी आमाला पसंत हाय. तारीख तुमी काढा." त्यांच्या मंडळींनी ते लिंबू पदराच्या टोकात बांधून नेलं. मी त्या घरात सून म्हणून गेले तेव्हा सासूबाईंनी मला सांगितलं, सुभेदारांनी ते खाऊ दिलं नाही आणि टाकूही दिलं नाही.

पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी गोधड्या काढताना माझा जीव अजून थाऱ्यावर नव्हता. सगळं निभावून गेलं होतं म्हणूनच मला संताप आला होता. आबा खालच्या टप्प्यावर पाणी घालत होते. मी जाऊन उभी राहिले.

"आबा, सांगायची काय गरज हुती? मोडलं आसतं म्हंजी?"

"मोडलं आसतं," ते म्हणाले. "पर तुझ्यापायी गप ऱ्हायलो आसतो तर मग आयुष्यभर गपच ऱ्हायाचं. तवा भाषा न्हवती म्हनून बोललो न्हाई. आज तर भाषा हुती."

मला आजवर भाजीवालीची लाज वाटत आली होती, वर्गाची वाटत आली होती, सोयऱ्यांची वाटत आली होती. आबांच्या लाजेत ह्यातलं कुणीच नव्हतं. तिथं एकच माणूस होता, आणि तो आता जिवंत आहे की नाही हेसुद्धा त्यांना कळायचा मार्ग नव्हता. आपल्याला आपल्या बापाची लाज वाटत होती, ह्याची मला त्या वेळी फार लाज वाटली.

आबांनी बादली खाली ठेवली आणि ते पायरीवर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुपारी एक सांगाय न्हाई जमलं. समदी बाग दावून झाल्यावर म्हाताऱ्यानं हात म्होरं केला. मिळवायला. मी न्हाई दिला."

"का वो?"

"हाताला लिंबाचा वास येत हुता गं. राखंनं घासला, मातीनं घासला, जाईना. त्येला वास आला आसता. म्हनून मी हात मागं घेतला आन सलूट ठोकला." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "त्येला काय वाटलं आसंल? एवढं समदं दावलं, आन ह्यो मानूस मला साधा हात बी देईना."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. आई आतून दिवा लागला म्हणून हाका मारत होती, पण आम्ही दोघंही लवकर उठलो नाही.